काट्याला लागलेली कणीक

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तरी माझी जीभ झडो, आणि उरलेले चार दात तुम्ही घेऊन जा.

सकाळी सकाळी घड्याळजी स्वयंपाकघरात स्टुलावर उभा होता. भिंतीवरच्या घड्याळाची काच उघडून आतली धूळ पुसत होता. अख्ख्या गल्लीची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तो. मोबाइलमध्ये वेळ बघणाऱ्याशी धड बोलायचासुद्धा नाही. घरात वेळ सांगायचा मान या एकाच घड्याळाला, कारण ते त्यानं स्वतःच्या हातानं लावलेलं. राग आला की तो घड्याळं पुसायचा, आणि कालपासून तो नुसता धुमसत होता.

त्याच्या लिव्हरमध्ये हेपॅटायटिस बीचा विषाणू बरीच वर्षं मुक्काम ठोकून होता. त्याला दाबून ठेवायला रोज एक गोळी. ही गोळी रिकाम्या पोटीच घ्यायच्या जातीची. उठल्याउठल्या घ्यायची आणि पुढचे दोन तास तोंडात काही टाकायचं नाही, नाहीतर ती अंगी लागत नाही. तो एक दिवस चुकला नव्हता. तरी काल डॉक्टरांनी रिपोर्ट त्याच्यापुढं सरकवला. इतके दिवस गप पडलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढत होता. गोळ्या चुकवता ना, असं डॉक्टरांनी विचारलं. तो नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. शेजारी बसलेल्या बायकोनं त्याच्याकडे अशी काही तिरकी नजर टाकली, की त्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं. रस्ताभर दोघं बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र नको तेवढं बोलले.

तर आता पुसता पुसता त्याचं बोट मिनिटकाट्यावर अडलं. टोकाला काहीतरी वाळून बसलं होतं. त्यानं नखानं खरवडलं, नाकाशी नेलं. कणीक होती.

खाली परातीत आईचे हात मळता मळता थांबले.

"आई, घड्याळाला कोण हात लावतं?"

आधी ती उंदीर म्हणाली. मग वारा म्हणाली. मग सगळंच बाहेर आलं. गोळी घेऊन तो अंघोळीला गेला की ती स्टुलावर चढायची आणि काटा चांगला तासभर पुढं ढकलायची. दोन तास झाले म्हणून तो खायला बसायचा. खाऊन शर्ट घालायला आत गेला की काटा परत जागेवर. गुडघे धरलेत म्हणून एक पायरी चढायची तर घर डोक्यावर घेणारी बाई, पण रोज दोनदा स्टुलावर चढत होती. रिकाम्या पोटी औषध आतडी जाळतं, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. डॉक्टरचं काय, तो काल जन्मला.

घड्याळजी असा ओरडला की भिंतीवरची पाल खाली पडली आणि लंगडत बाहेर निघून गेली.

"काल मला खोटारडा ठरवलं तिथं. बायकोसमोर. आणि ते माझ्याच घड्याळापायी."

"मी काय विष घातलं का तुला? घासच घातला ना?"

"मग घासच घाल आता. गोळी बंद." फळीवरची गोळ्यांची पट्टी उचलून तो खिडकीकडे निघाला.

बायको दारातच उभी होती. रात्रभराच्या भांडणानं तिचे डोळे सुजलेले. तिनं त्याचं मनगट पकडलं, असं की त्यालाच दुखलं.

"घड्याळ बंद ठेवा, आईंशी बोलणं बंद ठेवा, माझ्याशीही ठेवा. पण ही बंद करायची नाही. आपल्या मनानं सोडली की तो विषाणू चवताळून उठतो आणि लिव्हर खाऊन टाकतो. काल डॉक्टर हेच सांगत होते. तुम्ही रागात ऐकलंत कुठं?" मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "आज परत जायचं. कणकेचं असं आणि असं झालं म्हणून सांगायचं. पुढचं ते ठरवतील. मी काल तसं बघायला नको होतं, पण ते नंतर. आधी पाणी घ्या."

त्यानं गोळी घेतली. आईकडे बघत, दगड गिळावा तशी गिळली. मग खुर्ची ओढून घड्याळासमोर बसला. आईनं ताट वाढून त्याच्यापुढं आणून आदळलं. त्यानं हात लावला नाही. तीही समोर बसली, तोंड फुगवून. ताटातली वाफ विरळ झाली, मग गेली. पुसलेला काटा प्रामाणिकपणे चालत होता, म्हणजे गोगलगायीसारखा. आईनं चारदा घड्याळाकडे बघितलं. पाचव्यांदा उठायला गेली तर त्यानं पायानंच स्टूल आपल्याकडे ओढून घेतलं.

शेवटी दोन तास भरले. आईनं ताट पुढं सरकवलं आणि खाली बघून म्हणाली, "चुकलं रे माझं." त्यानं गार घास उचलला.

आता शप्पथ घेतलीच आहे, तर सांगून टाकते. पाल पडली ते खरं. लंगडली तेही खरं. 'चुकलं' हे तेवढं माझ्या पदरचं. ती कसली म्हणतेय. ताट सरकवताना तिनं घड्याळाकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "मागं पडतंय तुझं."