दर मैलाला एक रस्ता

"हमरस्ता नको," नेस्टर म्हणाला. "खडीच्या रस्त्यानं घे."

"बाबा, नऊ नंबरनं गेलो तर पाऊण तासात यॉर्कटन."

"मला कुठं लग्नाला पोचायचंय?"

लेसिया हसली आणि तिनं ट्रक खडीवर घातला. खडखडाट सुरू झाला. कापणीचे दिवस, काचेतूनही धुळीचा वास आत येत होता.

मागच्या सीटवर एकच सूटकेस होती. नेस्टरनं काल ती हातानं चाचपून भरली होती. लोकरीचे मोजे, गोळ्यांची डबी, मेरीमातेची छोटी तसबीर. वय एक्याऐंशी, डोळ्यांत आता नुसता उजेड-अंधार उरलेला. यॉर्कटनच्या केअर होममध्ये खोली मिळाली होती. जाताना दोघं, येताना एकच, हे ठरलेलं होतं. शेजारचा ओरेस्ट म्हणाला होता, मी सोडतो तुम्हाला. नेस्टरनं नको म्हटलं. एवढा प्रवास तरी बापलेकीचा असू दे.

हे सगळं ठरवलं बोहदाननं, मुलानं. कॅल्गरीहून फोनवर. "बाबा, आता हट्ट पुरे. शेगडीवर भांडी जळतात, उणे तीसमध्ये दार रात्रभर सताड उघडं राहतं. त्या घरात कोण कोणाला सांभाळणार?"

बोलायला काय जातं! सहाशे मैलांवर बसून शहाणपण शिकवायला काही लागत नाही. पण त्यात खोटं तरी काय होतं?

"चौक आला," लेसिया म्हणाली. "आता?"

"सरळ. अजून चार चौक सोड."

इथं मैलामैलाला रस्ता, सगळे सारखे, पाटीचा पत्ता नाही. नवखा माणूस इथं दिवसभर फिरत राहील. नेस्टरच्या डोक्यात मात्र सगळा मुलूख वहीसारखा आखलेला होता. साठ वर्षं याच रस्त्यांवरून त्यानं गहू वाहिला होता.

"आंधळा वाट दाखवतोय, बघ," तो म्हणाला.

"आणि मी ऐकतेय. कमाल कोणाची?"

"तुझीच बाई, तुझीच."

"आज वार कुठला, बाबा?"

"मंगळवार."

समोरून धुळीचा लोट आला. ट्रकवाल्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट रामरामासारखं उचललं, लेसियानंही उचललं.

"कोण गं?"

"निळा ट्रक. मागे पांढरा कुत्रा."

"म्हणजे ओरेस्ट. बोट दाखवलंस ना?"

"दाखवलं की. मला रीतभात शिकवता काय?"

पुढे तो म्हणाला, "आता तिठा येईल. रस्ता एकदम संपेल. डावीकडे वळ, जरा पुढे गेलीस की लगेच उजवीकडे."

"सरळ रस्त्याला मधेच असा मुरडा कशाला?"

"पृथ्वी गोल ना, पोरी. उत्तरेकडे रेषा जवळ जवळ येत जातात. मोजणीवाल्यांनी दर चोवीस मैलांवर चूक दुरुस्त करून घेतली."

"बरंय त्यांचं," लेसिया म्हणाली. "आज वार कुठला?"

"मंगळवारच. मघापासून बदललेला नाही."

ती खळखळून हसली. नेस्टरला वाटलं, म्हणावं, गाडी वळव, घरी जाऊ, मरू दे तो बोहदान. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण पुढे बर्फ पडणार, पुन्हा दार उघडं राहणार, आणि त्याच्या हातात काय होतं? काहीच नव्हतं. त्यानं पुढचा चौक सांगितला.

यॉर्कटनला दारातच नर्स उभी होती. मारिसेल नावाची, फिलिपाइन्सची, मऊ आवाजाची.

"या आजोबा. खोली तयार आहे. दुपारी बोर्श्ट सूप आहे, गरम गरम."

सूटकेस लेसियानंच आत नेली. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, तिनं सांगितलं. बाहेर सूर्यफुलं आहेत, गादीही बरी आहे. मग तिनं त्याच्या कोटाची बटणं नीट लावली, गालाची पापी घेतली.

"नीट राहा हं बाबा. जेवायला नखरे करू नका. मी रविवारी येतेच."

"हो," नेस्टर म्हणाला. "चल, किल्ली दे इकडे. ओरेस्ट येईल, तो नेईल ट्रक."

तिनं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. दुसरी एक नर्स तिला सूर्यफुलं दाखवायला बागेत घेऊन गेली. मागचं दार लागलं.

मारिसेलनं कागद पुढे केला, त्याच्या बोटांत पेन दिलं, आणि हात धरून बरोबर रेघेवर टेकवला.

"वाचून दाखवते, आजोबा. पेशंट लेसिया, वय सत्तावन्न, स्मृतिभ्रंश. वडिलांची सही इथं."