डाव्या पायातील जोडवे

६ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजता जबलपूरच्या एका रुग्णालयात माझ्या पत्नीचे उपचार एका जोडव्यापाशी अडले. पक्षाघातानंतर ज्योतीच्या डाव्या पायाची बोटे आत वळली होती आणि टाच जमिनीला टेकत नव्हती. ताठरलेले स्नायू सैल करण्याचे इंजेक्शन देऊन पाऊल प्लास्टरमध्ये सरळ बसवायचे होते. त्याआधी सुजलेल्या बोटात रुतलेले जोडवे कापणे आवश्यक होते.

“दीदी, दो मिनट का काम है,” डॉक्टर म्हणाले.

“हे समोर बसून राहिले अन् मी जोडवं कापू?” ज्योती कडाडली. “यांना काही झालं म्हंजे?”

“मला काही झालंच, तर शेजारच्या तिवारीजींना बोलवायला कोण जाईन?” मी विचारले. “तुझं जोडवं जाईन काय?”

मग तिने पाय पुढे केला.

एप्रिलमध्ये एका दुपारी माझ्या छातीत कळ आली आणि मी पलंगावर कोसळलो. घरात आम्ही दोघेच होतो. प्लास्टर निघालेली ज्योती भिंतीच्या आधाराने, टाच टेकत शेजारी गेली आणि तिवारीजींना घेऊन आली.

रुग्णालयातून परतल्यावर मी आमच्या पलंगापासून त्यांच्या उंबरठ्यापर्यंत टेप धरली. अंतर चौदा मीटर भरले.