कोरा फ्लॅश

"फीत पुन्हा बांधा," छायाचित्रकार म्हणाला. "साहेबांचं कात्रीकडे लक्षच नव्हतं."

फीत पुन्हा बांधली गेली. दातांच्या दवाखान्याचं उद्घाटन करायला आलेल्या नगराध्यक्षांनी ती पुन्हा कापली, आणि पहिल्यांदाच कापत असल्यासारखे हसले. दैनिकात उमेदीची वर्षं घालवल्यावर माणसांबद्दल छायाचित्रकाराचं एवढंच मत उरलं होतं: कॅमेरा दिसला की पोट आत जातं आणि अक्कल बाहेर.

साहेबांच्या मागे घुसाघुशी सुरू झाली. ज्याला त्याला छापून यायचं होतं. अशांसाठी त्याच्याकडे सोय होती. फ्लॅशच्या पाठीला चाचणीचं एक बारीक बटण असतं. ते दाबलं की नुसता उजेड पडतो, फोटो निघत नाही. माणूस खूश, आणि कॅमेऱ्यात कचरा नाही. हा त्याचा कोरा फ्लॅश.

"भावोजी, एक माझापण!"

मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, विजेच्या सामानाच्या दुकानात विक्रेता. कुठेही चार खुर्च्या मांडल्या की हा हजर, आणि उभा राहणार तो हमखास रांगेच्या टोकाला. छायाचित्रकार मनातल्या मनात त्याला 'कडेचा' म्हणायचा. फोटो छाटताना सगळ्यात आधी जाते ती कडच.

"भरदुपारी दुकान सोडून फिरतोस? मालक ओरडत नाही?"

"ओरडतो की. सकाळीच कडाक्याचं भांडण झालंय. सोडा ते, काढा ना."

"हनुवटी वर. अजून वर. आता पंख्याकडे बघ."

मेहुण्याने पंख्याकडे बघितलं. फ्लॅश उडाला.

"कसा आला?"

"झकास. सिनेमावाले न्यायला येतील."

मेहुणा हसला आणि गर्दीत मिसळला. बाकीचे लगेच 'दाखवा, दाखवा' करत अंगावर यायचे; त्यांना 'उद्या पेपरात बघा' म्हणून कटवावं लागायचं. मेहुण्याने आजवर कधी फोटो दाखवायला सांगितलं नव्हतं. तेवढं सुचायलाही डोकं लागतं, असं छायाचित्रकाराला वाटायचं.

तिथून तो वृक्षारोपणाला गेला. खड्डा गेल्या वर्षीचाच होता, रोपटं तेवढं नवं. मग एका शाळेचं बक्षीस वितरण झालं. तिथे बक्षिसं घेणाऱ्या मुलांपेक्षा देणारेच जास्त होते.

संध्याकाळी घरी पोचला तर बायको दारातच उभी.

"त्याला पोलिसांनी नेलं हो! दुपारी दुकानाचं गोदाम जळलं. मालक म्हणतो, यानंच पेटवलं. सकाळचं भांडण, त्यात गोदामाची किल्ली याच्याकडे."

"पेटवायला हिंमत लागते. ती कुठून आणली यानं?"

"चेष्टा नका करू! त्या वेळी तो तुमच्याजवळ दवाखान्यात होता. पोलिसांना सांगितलंय त्यानं, भावोजींना विचारा. तुम्हाला उद्या सकाळी बोलावलंय. बाकी तिथल्या एकालाही तो आठवत नाही."

आठवणार कसा, छायाचित्रकाराच्या मनात आलं.

"तुम्ही काढलात ना त्याचा फोटो?"

तिचे डोळे सुजले होते. आतापर्यंत दर वेळी ती विचारायची, 'त्याचा फोटो कसा नाही आला?' आणि दर वेळी तो सांगायचा, 'पानात जागा नव्हती.' आज 'नाही' म्हटलं तर मागचं सगळंच उघडं पडणार होतं.

"काढला," तो म्हणाला.

"सुटला मग." ती मटकन खाली बसली. "तुमच्यामुळे सुटला माझा भाऊ."

सकाळी कचेरीत कुणी यायच्या आत तो कामाला लागला. खरं सांगावं, असं एकदा मनात आलंही. पण नुसत्या शब्दाला पोलीस कुठे विचारतात, त्यातून नात्यातल्या माणसाच्या? फोटो टेबलावर ठेवला की प्रश्न मिटला. बायकोच्या माहेरच्या एका फोटोतून त्याने मेहुण्याचा चेहरा अलगद कापून घेतला. काल त्याच्या अंगात कुठला शर्ट होता, ते काही केल्या आठवेना. म्हणून मानेखालचा भाग नगराध्यक्षांच्या खांद्याआड लपवला. उजेड जुळवला, नाकाची सावली जुळवली. काम बेमालूम झालं. कडेचा पहिल्यांदाच मधोमध आला होता.

चौकीत इन्स्पेक्टर चहा पीत होता. त्याच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं. याला काय कळणार, असं वाटून छायाचित्रकार निर्धास्त झाला.

"कालच्या उद्घाटनात तुमचा मेहुणा होता?"

"होता. हा बघा." त्याने फोटो पुढे सरकवला.

इन्स्पेक्टरने कप खाली ठेवला. फोटो बराच वेळ न्याहाळला.

"हा तुम्ही काढलात? कालच?"

"दुसरं कोण काढणार?"

"त्याचा म्हणून मुद्दाम काढलात?"

"त्यानं मागितला, मी काढला. घरचा माणूस आहे, नाही कसं म्हणणार?"

"कालपासून त्याच्याशी काही बोलणं?"

"तुम्ही भेटू दिलंत तर ना."

"बरोबर. पाठीमागे सही करा."

छायाचित्रकाराने झोकात सही ठोकली आणि पेन खिशाला लावलं. "मग, घेऊन जाऊ त्याला? घरी बहीण वाट बघतेय."

इन्स्पेक्टरने फोटो खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

"मला तो खरा वाटला होता," तो म्हणाला. "काल इथे बसून रडत होता. म्हणाला, 'फोटो मिळायचा नाही, साहेब. भावोजी माझ्यासमोर नुसता उजेड पाडतात, फोटो कधीच काढत नाहीत. मला माहीत आहे, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून मी दाखवा म्हणत नाही. आजही पंख्याकडे बघायला लावून तेच केलं.' मी म्हटलं, एवढी लाजिरवाणी गोष्ट कुणी स्वतःबद्दल बनवून सांगत नाही. तुम्ही तेवढं 'हो, नुसता उजेड पाडला' म्हणाला असतात, तर आत्ता तुमच्यासोबतच घरी धाडणार होतो."