हातात बसणारा माऊस

"तुझ्या हातात बसतो का बघ, म्हणजे तिलाही बसेल," असं म्हणत कौस्तुभनं छोटा माऊस धाकट्या बहिणीपुढं सरकवला. त्याच्या गेमिंग संघात एक लहानखुरी मुलगी नव्यानं आली होती. तिच्यासाठी तो घ्यायचा होता.

शाल्मली दुकानातल्या कॉम्प्युटरवर खेळायला बसली. पडद्यावर भिंतीआडून शत्रू डोकावला आणि तिची गोळी थेट त्याच्या कपाळात बसली. त्याच्यामागून आलेलाही तसाच पडला. कौस्तुभ बघतच राहिला.

वर्षभर ती त्याच्याच संघात खेळली होती, त्यानंच निवडलेल्या मोठ्या माऊसवर.

"दादा, हाताला मोठा होतो रे," ती म्हणायची.

"सवय कर," तो सांगायचा.

नेम चुकतच राहिला. राज्य स्पर्धेच्या तोंडावर त्यानं तिला संघातून वगळलं, तेव्हापासून तिनं खेळच सोडला होता.

"शालू, परत येशील संघात?" त्यानं कसंबसं विचारलं.

तिनं माऊसवरचा हात काढून घेतला.

"मला वाटायचं, माझ्या हातातच खोट आहे," ती म्हणाली. "आता मन नाही होत रे, दादा. तिला मात्र हाच घे."