धाकूआबाचा हात

बॅटरी एकतीस टक्के.

तेजस्वीने रिमोटची दांडी पुढे रेटली. ड्रोन वेळणेश्वरचा किनारा मागे टाकून आणखी आत सरकला. मोबाइलच्या पडद्यावर नुसतं पाणी. चकचकीत, पांढरं, डोळे दिपवणारं. मासा म्हणून नाही.

"काय गो, दिसतंय काय?" बाबल्याकाका ओरडला. किनाऱ्यावरून ओढायची रापण त्याची. जाळं भरलेली होडी लाटांत डुलत होती, दोर ओढायला तीसेक माणसं वाळूत उकिडवी बसली होती आणि सगळ्यांची तोंडं तिच्याकडे.

"थांबा ना काका, सूर्य आडवा येतोय!"

"सूर्याला सांगा रे, जरा बाजूला हो. आमची पोरगी धंदा करत्ये!"

हशा पिकला. पिकू दे. गेले तीन महिने ती तेच ऐकत होती. मामाने दिलेला ड्रोन होता, स्वतः सजवलेलं कार्ड होतं, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'तेजस्वी एरियल फोटो : वरून सगळं दिसतं' असं होतं. नव्हतं ते फक्त गिऱ्हाईक. होमस्टेवाले म्हणाले, मोबाइलचे फोटो पुरतात. लग्नवाले म्हणाले, आधी बारावी तर हो. शेवटी आईने निक्षून सांगितलं, रविवारपर्यंत एक तरी काम आण, नाहीतर ड्रोन मामाला परत.

आज रविवार होता. आणि बाबल्याकाकाने तिची पैज लावून दिली होती, तीसुद्धा कुणाशी, तर धाकूआबाशी.

चाळीस वर्षं आबा या वाळूत उभा राहून मासा हेरत आला होता. त्याचा हात ज्या दिशेला वर जाईल, त्या दिशेला होडी सुटायची. "आबाच्या आधी तुला मासा दिसला," काका म्हणाला होता, "तर सीझनभर काम तुझं. आबाला घरी बसवू, आराम करील. नाय दिसला, तर ही माशी घेऊन परत इकडे फिरकायचं नाय."

आबा दहा पावलांवर होता, वाळूत ओढून ठेवलेल्या जुन्या होडीच्या काठाला हात टेकून. सकाळी तिने केवढ्या आदराने त्याच्यापुढे कार्ड धरलं होतं! त्याने घेतलंच नाही. सगळ्यांदेखत तिचा हात तसाच लोंबत राहिला. वर म्हणतो कसा, "मथुराची ना गो तू? आवाज आईवर गेलाय." आत्ताही ड्रोनकडे त्याने ढुंकून पाहिलं नव्हतं. मान वाकडी, कान समुद्राकडे, नाक वाऱ्याला. काय ती घमेंड!

बावीस टक्के. तिने ड्रोन डावीकडे नेला, खाली आणला, परत वर घेतला. पाणी, पाणी, पाणी.

आणि आबाचा हात वर गेला. उजवीकडे, खडकाच्या रोखाने.

"सोडा रे!" काका गरजला. वल्ही पडली, होडी सुटली.

तेजस्वीने ड्रोन तिकडे वळवला. त्या अंगाने चकाकी सरली. पाण्याखाली अंगणाएवढा तांबूस काळा डाग हलत होता. तारली! बरोब्बर आबाचा हात होता तिथे.

आकाशातून जे तिला दिसलं नाही, ते वाळूत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला कसं दिसलं?

ड्रोन परत उतरला तेव्हा दोर खेचणाऱ्यांचा आरडाओरडा टिपेला पोचला होता. जाळ्यात चांदी उसळत होती. "हरलीस गो!" काका लांबूनच ओरडला. "घरी जा आता, अभ्यास कर!"

डोळ्यांतलं पाणी खाऱ्या वाऱ्यावर ढकलून ती पंखे मिटू लागली. तेवढ्यात होडीच्या काठावरून हात सरकवत सरकवत आबा तिच्याजवळ येऊन थांबला.

"ते कार्ड दे बघू."

"कशाला? चिडवायला?"

"उद्यापासून रोज सकाळी ये," आबा हलक्या आवाजात म्हणाला. "उडव तुझी माशी. मासा दिसला की माझ्या कानात सांग. हात मी वर करीन. माझ्या वाट्यातला अर्धा तुझा. बाबल्याला मी सांगीन, पोरगी खेळत्ये, खेळू दे."

"पण आबा, तुम्ही तर जिंकलात!"

"आज वारा माझा होता. तारलीचा वास आला, कुरव पक्षी ओरडले. वारा रोज असा नसतो गो."

ती बॅग उचलायला दोन पावलं बाजूला झाली. लाटांच्या आवाजात तिची पावलं वाजलीसुद्धा नाहीत. आबाने कार्डासाठी हात पुढे केला. रिकाम्या वाळूपुढे. ती मघाशी उभी होती तिथे.

तेजस्वीने पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्हींवर शहाळ्याच्या मलईसारखा पांढरा पडदा.

एक वाक्य तिच्या जिभेवर येऊन बसलं. एकच. काका, आबाला दिसत नाही! एवढं ओरडलं की सीझनभर काम तिचं, ड्रोन तिचा, आणि उद्या गावभर नावही तिचंच.

"काय गो," जाळ्याजवळून बाबल्याकाकाने विचारलं, "काय म्हणतोय आबा?"

आबाचा पुढे केलेला हात मागे गेला नाही.

"म्हणतायत," तेजस्वी खच्चून ओरडली, "हरलेल्या पोरीचं कार्ड आठवण म्हणून ठेवतो!"

सगळा किनारा हसला. त्या हशात ती हळूच दोन पावलं सरकली आणि आबाच्या हातासमोर जाऊन उभी राहिली.