प्रयागबाईची पाणपोई

वैशाखात वाडीला पाणी देणारा झरा एकच.

पुरात भिजून चिकटलेली पानं सुरीने सोडवू नयेत. कडेने फुंकर घालावी आणि वाट बघावी.

दगडावर लाल रंगात आकडा: ४१७.

एका बाईने नथ विकली.

मुश्ताकभाई मधुमेहाला भितात, चहासोबतच्या खारीला नाही.

गेले तीन आठवडे सेजलच्या डोक्यात हे सगळं एकत्रच फिरत होतं. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी तिची वाडी. तिथली जुनी दगडी पाणपोई रुंद होणाऱ्या रस्त्यात जाणार होती, म्हणून तिच्यावर तो लाल आकडा. पाणपोई गेली की तिच्या पोटातला झराही बुजला.

रस्त्याचे साहेब भला माणूस. म्हणाले, "रस्ता बारा फूट सरकवू. पण इतिहास दाखवा. दोन पुरावे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नसलेले."

पहिला पुरावा समोरच्याच घरात होता. ठमाबाई, पंचाहत्तरीच्या.

"परयागबाईनं बांधली गो. तिचा पोरगा घाटात तहानेनं गेला. तवा नथ इकली नि ही बांधली."

"तुला कुणी सांगितलं, आजी?"

"सांगाया कशाला व्हया? वाडीत बारक्या पोरालाबी ठाव हाय. तू मुंबयला वाढलीस, तुला कसं कळनार!"

दुसऱ्यासाठी महाडचं वाचनालय. जुन्या साप्ताहिकाच्या फायली पुरातून बचावलेल्या. त्यांचे राखणदार मुश्ताकभाई, सत्तरी ओलांडलेले. पानं सोडवायला त्यांनीच शिकवलं. फक्त शहात्तरची फाईल देताना कुरकुरले.

"त्यात काही नाही, बेटा. लग्नाच्या जाहिराती आणि शेंगदाण्याचे भाव."

त्यातच होतं. आठवं पान, खालचा कोपरा. प्रयागबाई, तहानेने गेलेला मुलगा, नथ. सेजलने टेबलावर थाप मारली.

"मुश्ताकभाई, बघा! 'आमच्या वार्ताहराकडून'. कोण असेल हो हा?"

"होते तेव्हा दोघंतिघं. एक तर फार बिलंदर."

"भेटेल का?"

"भेटून काय करणार? बातमी मिळाली ना?"

नक्कल मूळ प्रतीप्रमाणे आहे, अशी सही वाचनालयातर्फे त्यांनाच करायची होती. त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

"वाडीला दुसरा झरा नाहीच?"

"असता तर इथे धूळ खात बसले असते का?"

"आणि म्हातारीने हेच सांगितलं? नथसुद्धा?"

"नथसुद्धा."

पुढ्यातली खारी तशीच राहिली. मुश्ताकभाईंनी सही केली.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि मान डोलावली. रस्ता बारा फूट सरकला. वाडीने पाणपोईवर प्रयागबाईच्या नावाची पाटी लावली. नारळ फोडायला मुश्ताकभाईंनाच बोलावलं. ठमाबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"तुमाला कुठंतरी बगितलंय."

"असेल."

शहात्तरच्या मे महिन्यात महाडच्या एस्टी स्टँडवर बसून मुश्ताकभाईंनी ती बातमी लिहिली. छापून आल्यावर वाडीत जाऊन त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, तोवर प्रयागबाई हे नाव तिथे कुणीही ऐकलेलं नव्हतं.