गोडं पाणी

पेलिकन पाण्यात उतरला आणि थेट तळाला जाऊन बसला.

पेलिकन म्हणजे प्लास्टिकच्या नळ्या, तीन पंखे आणि एक लांबलचक वायर. शाळेच्या मॅग्नेट विभागात, म्हणजे विज्ञानवेड्या पोरांच्या वर्गात, थाओ आणि वेंडलनं वर्षभर खपून बनवलेलं पाणबुडं यंत्र. त्यानं पाण्यात अधांतरी राहायचं आणि तळाशी ठेवलेल्या कड्या अलगद उचलून आणायच्या, एवढंच काम. आता तो स्वतःच कड्यांच्या शेजारी आडवा झाला होता. थाओनं बटणं दाबली. पंखे फिरले, चार बुडबुडे आले, पेलिकन जेमतेम उठला आणि पुन्हा बसला.

"मेहनत पाण्यात गेली म्हणतात, ती ही बघ," वेंडल म्हणाला.

थाओच्या तोंडचं पाणी पळालं. ही स्पर्धेआधीची नुसती सरावाची पाळी होती, खरी अजून यायची होती. पण जिंकणाऱ्या जोडीला सगळा उन्हाळा संशोधनाच्या जहाजावर काढायला मिळणार होता, आणि थाओला ते जहाज हवं होतं. बाबांच्या कोळंबीच्या बोटीवरून तिनं ते कितीदा तरी लांबून जाताना पाहिलं होतं. "मॅग्नेट, मॅग्नेट करतेस. एक चमचा तरी चिकटतो का गं तुला?" असं बाबा रोज चिडवायचे. आज तेच बाबा बोट धक्क्याला बांधून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसले होते.

"काल तर काय झकास चालला होता!" वेंडल डोकं खाजवत म्हणाला. "वायर तुटली असेल?"

"वायर तुटली तर पंखे फिरतील का रे?"

तिनं वाकून वायर ओढली. पेलिकन वर आला तसा पाण्याचा सपकारा तिच्या तोंडावर बसला. बोटीवरच्या सवयीनं तिनं ओठ चाटले आणि ती तशीच थांबली.

"वेंडल, हे पाणी गोडं आहे."

"मग? मीठ घालून देतील होय तुला? पोहण्याचा तलाव आहे तो!"

"अरे, तेच तर!"

वेंडलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शाळेला तलाव नव्हता. वर्षभर सगळा सराव झाला तो थाओच्या बाबांच्या धक्क्याजवळ, खाडीत. ती कल्पनाही थाओचीच. खारं पाणी वस्तूला उचलून धरतं, गोडं पाणी तेवढे लाड करत नाही. खाडीत पेलिकन फार तरंगतो म्हणून दोघांनी त्याचा फोम कापून कापून कमी केला होता. आणि गंमत म्हणजे परीक्षेत याच प्रश्नाला दोघांनाही पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

"फोम कुठाय?"

"कचऱ्यात. घरी."

तेवढ्यात प्रूइट बाई आल्या. मॅग्नेटमध्ये बाईंचा दरारा असा, की प्रयोगशाळेत कोणी बुटांशिवाय आलं तर दारातूनच परत. त्यांच्या पायांची बोटं आजवर कोणी पाहिली नव्हती. आज मात्र बाई रबरी चपला घालून आल्या होत्या, चांगल्या जाड, नारिंगी, वर सूर्यफुलं. थाओची नजर तिथंच खिळली.

"बाई, तुमच्या चपला..."

"काय झालं माझ्या चपलांना?"

"तरंगतात का हो?"

बाईंनी ठिबकणाऱ्या पेलिकनकडे पाहिलं, मग थाओकडे. काही न विचारता त्यांनी चपला काढून पुढे केल्या.

"कालच घेतल्यात," त्या म्हणाल्या. "नीट काप."

वेंडलनं कात्री चालवली, थाओनं तुकडे बांधले. पहिल्यांदा पेलिकननं नाकच वर काढलं. थोडं कापलं. मग तो एका कुशीवर कलला. आणखी थोडं कापलं. शेवटच्या सूर्यफुलाची अर्धी पाकळी उडवली आणि पेलिकन पाण्याच्या मधोमध जाऊन स्वस्थ राहिला. तितक्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

त्यानंतर पेलिकननं जे काही केलं, ते बघण्यासारखं होतं! एक कडी उचलली, दुसरी उचलली, सगळ्या उचलल्या. थाओचे बाबा बाकावर चढून व्हिएतनामीत काहीतरी ओरडले. कोणाला कळलं नाही, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

निकालाच्या वेळी अलाबामाचं ऊन नुसतं भाजत होतं. बाई तापलेल्या फरशीवर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचत होत्या.

"बाई, अनवाणी?" वेंडल म्हणाला. "दारातूनच परत!"

बाईंनी डोळे वटारले, पण हसू काही त्यांना आवरलं नाही.

जहाजाच्या प्रमुख हिबर्ट मॅडम पेलिकनसमोर वाकून सूर्यफुलं निरखत होत्या. "चूक कोणाची होती?"

"माझी," थाओ म्हणाली.

"आणि कळली कशी?"

थाओ लाजली. "चव लागली, मॅडम."

हिबर्ट मॅडम खळखळून हसल्या. "जहाजावर येशील तेव्हा चपलांचे दोन जोड आण. एक पायांना आणि एक कापायला."

वेंडलनं तिला गदागदा हलवलं तेव्हा कुठं ती भानावर आली आणि अशी किंचाळली, की तलावातली पोरंसुद्धा वळून बघायला लागली. बाबा आइस्क्रीम खाता खाता उठून आले. डोळे पाणावलेले, पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असं ठरवलेलं. त्यांनी कपातला प्लास्टिकचा चमचा चाटला, लेकीचा ओला हात हातात घेतला, त्यावर तो दाबला आणि हळूच बोट काढून घेतलं.

"चिकटला," ते म्हणाले.